चार वेस्टांची वसई

ज्या दोन किंवा अधिक शब्दांचा उच्चार एकच असून लेखन आणि अर्थ मात्र वेगवेगळे असतात, त्यांना भाषाशास्त्रात समोच्चारी शब्द म्हणतात आणि इंग्रजीचे शिक्षक त्यांना होमोफोन म्हणतात. ते पाठ करावी लागणारी मुले त्यांना काय म्हणतात, याची नोंद शिष्ट ग्रंथांत करण्याचा प्रघात नाही. मराठी मुलाला या शब्दांचा जो त्रास होतो, त्याचे मूळ त्याच्या लिपीने त्याला लहानपणी लावलेल्या एका चांगल्या सवयीत आहे. देवनागरी ही बऱ्याच अंशी ऐकावे तसे लिहावे आणि लिहिले असेल तसे वाचावे, अशा सरळ व्यवहाराची लिपी असल्यामुळे, कानाला एकसारखे लागलेले दोन शब्द कागदावर वेगळे निघतील अशी शंकाही त्या मुलाच्या मनाला शिवत नाही. मराठीतही 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, अशा जोड्या आहेत, त्या बोलताना बहुतेकांच्या तोंडी सारख्याच होतात, आणि १९६२ साली ठरलेल्या व १९७२ साली वाढवलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी त्यांचा बंदोबस्त करण्याचा प्रयत्नही केलेला आहे, हे खरे; परंतु तेथे घोटाळा झालाच तर तो एका वेलांटीचा किंवा उकाराचा असतो, आणि तो चुकला तर गुण जातो, अब्रू जात नाही. इंग्रजीत मात्र आठ हा आकडा आणि 'खाल्ले' हे क्रियापद दोन्ही 'एट' म्हणूनच ऐकू येतात, त्यांत एकही प्रमुख अक्षर एका जागी नसते, आणि 'मी आठ आंबे खाल्ले' हे निरुपद्रवी वाक्य लिहिताना मुलाने आंबे मोजले की खाल्ले, हे परीक्षकाला ठरवता येत नाही.

या बेशिस्तीची जबाबदारी मुलांवर टाकता येत नाही आणि शिक्षकांवरही टाकता येत नाही; ती मुख्यतः पंधराव्या ते सतराव्या शतकांतील इंग्रजांकडे जाते. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ साली इंग्लंडमध्ये छापखाना घातला, त्यानंतर शब्दांची रूपे हळूहळू छापील साच्यात पक्की होत गेली, आणि नेमक्या त्याच काळात इंग्रज लोकांनी आपले दीर्घ स्वर तोंडातल्या तोंडात एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायला घेतले. स्वरांच्या या सार्वत्रिक स्थलांतराला भाषाशास्त्रज्ञ 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' म्हणतात. परिणाम असा झाला की, मांस या अर्थाचा 'मीट' आणि भेटणे या अर्थाचा 'मीट', समुद्र या अर्थाचा 'सी' आणि पाहणे या अर्थाचा 'सी', हे पूर्वी कानाला वेगळे लागणारे शब्द एका आवाजात मिसळले, आणि स्पेलिंगे मात्र जुन्या उच्चारांची साक्ष देत जागच्या जागी राहिली. सरदार या अर्थाच्या 'नाइट' शब्दातील पहिला 'के' तर पूर्वी चक्क उच्चारला जात असे. निवृत्त होऊनही सरकारी निवासस्थान न सोडणाऱ्या अधिकाऱ्याप्रमाणे तो उच्चारातून गेला, पण स्पेलिंगमधली जागा त्याने सोडली नाही, आणि रात्र या अर्थाच्या 'नाइट'पासून त्या सरदाराला वेगळे काढण्याचे काम चौथीतल्या मुलांच्या गळ्यात पडले.

याहून बोधप्रद प्रकरण 'आइल' या जोडीचे आहे, आणि ते वसईकरांना विशेष जवळचे वाटावे असे आहे. बेटाला इंग्रजीत 'आइल' म्हणतात, त्याचे स्पेलिंग आय-एस-एल-ई. चर्चमध्ये बाकांच्या रांगांमधून जी वाट जाते तिलाही 'आइल'च म्हणतात, तिचे स्पेलिंग ए-आय-एस-एल-ई. ज्या तालुक्यात अर्नाळ्याचा किल्ला बेटावर उभा आहे आणि गावोगावी पोर्तुगीज काळापासूनची चर्चे आहेत, तेथील मुलाला हे दोन्ही आइल डोळ्यांनी पाहता येतात; फक्त त्यांतला 'एस' कोठून आला हे दिसत नाही. चर्चमधल्या वाटेचा शब्द मुळात पंख या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि आला तेव्हा त्यात 'एस' नव्हता. बेटाच्या आइलशी त्याची गफलत होऊन तो 'एस' पुढे आत घुसला. बेटासाठीचा दुसरा शब्द 'आयलंड' हा तर अस्सल इंग्रजी असून लॅटिनशी त्याचा काही संबंध नव्हता, तरी बेटांच्या नात्यातला म्हणून त्यालाही 'एस' चिकटवण्यात आला. याचा अर्थ असा की, खुद्द इंग्रजांनी समोच्चारी शब्दांत चूक केली, ती चूक सर्वांनी मिळून पुरेसा काळ केली, आणि मग ती शब्दकोशात जाऊन बसली. वसईतील एखादा विद्यार्थी आयलंडमधला 'एस' विसरतो तेव्हा तो त्या शब्दाचे शतकांपूर्वीचे शुद्ध रूप नकळत पुनःस्थापित करीत असतो. या संशोधनाबद्दल त्याचा अर्धा गुण कापण्यात येतो.

नावांच्या घोटाळ्याचा अनुभव या भूमीला तसा जुना आहे. पोर्तुगीजांनी १५३४ ते १७३९ या काळात वसईला आपल्या जिभेप्रमाणे वळवले, पुढे इंग्रजांनी तिला 'बॅसीन' केले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने ज्या तहावर सही केली तो इंग्रजी इतिहासात बॅसीनचा तह म्हणून नोंदला गेला. त्याच इंग्रजांच्या साम्राज्यात ब्रह्मदेशातही एक बॅसीन होते, ज्याला आज पाथेन म्हणतात; म्हणजे होमोफोन शिकवण्याआधी इंग्रजांनी वसईलाच एक होमोफोन करून ठेवले होते. आजही वसई रोड स्थानकाचा रेल्वेच्या दप्तरातील सांकेतिक शब्द बी-एस-आर असा आहे, आणि त्यातला 'बी' वसईत कोठे आहे हे तिकीट काढणाऱ्या कोणालाही सांगता येत नाही. दुसरीकडे, मराठी माणसाला व्याकरण शिकवण्याचा मानही याच परिसराशी जोडलेला आहे. १८३६ साली महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग हे तर्खडकर घराण्यातले, हे आडनाव वसईजवळच्या तर्खड गावावरून आलेले, आणि पुढे याच आडनावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. अशा तालुक्यात एखादे मूल इंग्रजी स्पेलिंगपुढे हात टेकते, तेव्हा तो परंपरेचा ऱ्हास आहे असे वडीलधाऱ्यांना वाटते. वास्तविक ती त्या परंपरेचीच सुरुवातीची पायरी आहे.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून सुरू होत असे. २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले, त्यामुळे गोंधळ होण्यास मुलांना चार वर्षे अधिक मिळाली. त्यानंतर सेमी इंग्रजीचा, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व इतर विषय मराठीतून शिकवण्याचा प्रकार फोफावला आणि होमोफोनांना गणिताच्या तासातही मुक्त प्रवेश मिळाला. पूर्ण संख्यांना 'होल नंबर' म्हणतात हे मुलाला कळते, पण पहिला मुका डब्ल्यू गळाला की पूर्ण संख्येचे भोक होते. वर्गमुळातले 'रूट' आणि बसच्या फलकावरचे 'रूट' एकच समजून विद्यार्थी नऊचा मार्ग शोधू लागतो. त्रिकोणमितीत पोचलेला मोठा भाऊ तर 'साइन' या संज्ञेपुढे वडिलांची सही घेऊन येण्याच्या बेतात असतो. विज्ञानातील पेशी, मोबाइलमधला 'सेल', कपड्यांच्या दुकानावर लावलेला 'सेल' आणि पाचूबंदरच्या होडीवरचे शीड यांना एकाच आवाजात हाक मारली जाते, आणि चौघेही एकाच वेळी ओ देतात.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो, तो असा की, वसई-विरारच्या मुलाचे होमोफोन कोणते. बाजारात मिळणाऱ्या वर्कबुकांतील याद्या बहुधा इंग्लंडमधल्या किंवा अमेरिकेतल्या कानाला धरून तयार झालेल्या असतात, आणि तो कान विरार लोकलमध्ये कधी चढलेला नसतो. मराठी जीभ इंग्रजीतला आखूड 'ए' आणि पसरट, लांबवलेला 'ए' यांत फरक करीत नाही, त्याचप्रमाणे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' ही दोन अक्षरे ती एकाच 'व'मध्ये गुंडाळते. त्यामुळे इंग्रजांच्या मते जे शब्द स्पष्टपणे वेगळे आहेत, ते येथे एकाच घरात नांदतात. चाचणी आणि चव या दोघांनाही 'टेस्ट' म्हणतात, म्हणून 'माझ्या आईच्या हाताची टेस्ट' या निबंधात आई स्वयंपाक करते की प्रश्नपत्रिका काढते हे स्पेलिंगवर अवलंबून राहते. पत्र आणि 'नंतर' दोन्ही 'लेटर', कागद आणि मिरी दोन्ही 'पेपर', लेखणी आणि वेदना दोन्ही 'पेन'. यांपैकी शेवटची जोडी परीक्षेच्या दिवसांत अर्थानेही फारशी वेगळी राहत नाही. कर्ज आणि तारीख हे दोन्ही शब्द 'डेट' असेच उच्चारले जातात, आणि नालासोपारा-विरारमध्ये हप्त्यांवर सदनिका घेतलेल्या पालकांना या दोहोंत भेद का करावा हे मुलांनी समजावून सांगितले तरी पटत नाही. कर्जाच्या स्पेलिंगमधला मुका 'बी' हादेखील लॅटिनच्या आदरापोटी मागाहून घातलेला आहे, ही माहिती अशा पालकांना दिलासा देईल असे नाही.

या प्रक्रियेचा सर्वांत संपन्न नमुना खुद्द शहराच्या पत्त्यात आहे. पश्चिम दिशा, गंजीफ्राक, कचरा आणि कंबर या चार गोष्टींसाठी इंग्रजीत चार शब्द आहेत, त्यांतले कचरा आणि कंबर हे दोनच इंग्रजाच्या कानाला सारखे लागतात. वसईत मात्र चारही शब्द 'वेस्ट' होतात. परिणामी पत्त्याच्या रकान्यात डब्ल्यू-ए-एस-टी-ई असे लिहून मोकळा झालेला विद्यार्थी राहत्या घराला कचऱ्यात टाकतो, एखादा 'आय' घालून त्याला कमरेवर नेतो, आणि 'व्ही'ने सुरुवात करणारा त्याला गंजीफ्राकात बसवतो. यांतील पहिली चूक भौगोलिकदृष्ट्याही गंभीर आहे, कारण महापालिकेची कचराभूमी गोखिवरे येथे, म्हणजे वसईच्या पूर्वेला आहे. पूर्वेचे रहिवासी यावरून निश्चिंत राहतील तर तेही योग्य होणार नाही. पाव फुगवणारे यीस्ट आणि पूर्व दिशा यांतला फरक सांगणारा 'य' मराठी तोंडातून सहज निसटतो, आणि मग नालासोपारा ईस्ट हे आंबवण्याचे द्रव्य होऊन बसते.

उलटपक्षी, परदेशी यादी ज्यांना होमोफोन म्हणते अशा कित्येक जोड्या येथे होमोफोन नाहीतच. लंडनचा रहिवासी व्यंजनाच्या आधी किंवा शब्दाच्या शेवटी आलेला 'आर' गिळून टाकतो, म्हणून त्याच्या कानाला किल्ला या अर्थाचा 'फोर्ट' आणि 'लढले' या अर्थाचा 'फॉट' एकच वाटतात, तसेच न्यायालय आणि 'पकडला' या अर्थांचे शब्दही एकच वाटतात. मराठी मूल 'आर' गिळत नाही, ते तो पदरमोड करूनही उच्चारते. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईच्या किल्ल्यासाठी लढून तो मे १७३९ मध्ये घेतला, हे वाक्य इंग्रजीत लिहिताना लंडनच्या मुलाला जी अडचण येऊ शकते ती वसईच्या मुलाला येत नाही, तरीही वर्कबुकात त्याला त्या जोडीवर दहा वाक्ये करावी लागतात. हीच गत फुलाची आणि पिठाची. इंग्रजांच्या यादीत 'फ्लॉवर' हे फूल आणि त्याच उच्चाराचे पीठ ही प्रतिष्ठित जोडी आहे. परंतु ज्या वसईतून चाफा आणि मोगरा भल्या पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात जातो, तेथे फुलाला फूल म्हणतात, 'फ्लॉवर' म्हटले की भाजीवाली कोबीशेजारचा पांढरा गड्डा उचलते, आणि पिठाला इंग्रजीत 'फ्लोअर' म्हटले जाते. म्हणजे येथे पिठाचा घोटाळा फुलाशी नसून जमिनीशी आहे, आणि पिठाच्या गिरणीवर 'फ्लोअर मिल' म्हणून फरशीचे स्पेलिंग लावलेली पाटी ही इंग्रजी न येण्याची खूण नाही, ती मराठी उच्चाराची प्रामाणिक नोंद आहे.

भाषांच्या या बाजारात मराठीही एकसंध नाही. वसईत सामवेदी, वाडवळी आणि कोळी बोली घरांत बोलल्या जातात, आणि वाढत्या वस्तीबरोबर कोकणातून, गुजरातेतून, उत्तर प्रदेशातून आणि केरळमधून आलेली कुटुंबे एकाच इमारतीत राहतात. गुजराती घरातल्या मुलाच्या तोंडी दिवाणखाना आणि भोक दोन्ही 'होल' होऊ शकतात, तर पूर्वेकडच्या हिंदी प्रदेशातून आलेल्या एखाद्या मुलाच्या तोंडी 'तोच' आणि 'लाज' दोन्ही 'सेम' होतात. एका वर्गात चाळीस मुले असतील तर होमोफोनांच्या निदान चार वेगळ्या याद्या त्या वर्गात बसलेल्या असतात, आणि शिक्षिकेच्या हातात पाचवी असते.

या सर्वांची परीक्षा श्रुतलेखनात होते. श्रुतलेखन म्हणजे शिक्षकाने वाचावे आणि विद्यार्थ्याने ऐकून लिहावे अशी पद्धत. मराठीसाठी ती उत्तम आहे आणि इंग्रजी समोच्चारी शब्दांसाठी ती शुद्ध फसवणूक आहे, कारण ज्या दोन शब्दांत कानाला भेद करता येत नाही हे आधीच मान्य झालेले आहे, त्यांतला भेद कानानेच करावा अशी अपेक्षा तीत असते. 'वेट' एवढाच शब्द उच्चारून शिक्षक थांबले तर वाट पाहणे, वजन आणि ओले यांपैकी विद्यार्थ्याने काय लिहावे, हे विरार स्थानकाच्या फलाटावर पावसाळ्यात सकाळी उभा राहिलेला प्रवासीही सांगू शकणार नाही, कारण तो तिन्ही गोष्टी एकदम अनुभवत असतो. यंत्रेही येथे फारशी उपयोगी पडत नाहीत. साधा स्पेलिंग तपासणारा प्रोग्रॅम शब्द अस्तित्वात आहे की नाही एवढेच पाहतो, म्हणून चुकीच्या जागी आलेला बरोबर शब्द तो सन्मानाने पुढे पाठवतो. आणि मोबाइलला तोंडी सांगून लिहून घेणारे पालक ज्या शब्दावर अडतात, त्याच शब्दावर मोबाइलही अंदाजाने ठोकून देतो, फरक इतकाच की त्याला कोणी उठाबशा काढायला लावत नाही.

शिक्षकांनी यावर लक्षात ठेवण्याच्या युक्त्या काढल्या आहेत, परंतु त्याही पुष्कळदा आयात केलेल्या असतात. मुख्याध्यापक या अर्थाच्या 'प्रिन्सिपल'च्या शेवटी पी-ए-एल, म्हणजे 'पॅल', म्हणजे दोस्त आहे, म्हणून तत्त्व या अर्थाच्या प्रिन्सिपलपासून तो ओळखावा, असे शिकवतात. मुख्याध्यापक हा आपला दोस्त आहे, या विधानावर विश्वास ठेवणारा विद्यार्थी मराठी शाळांच्या इतिहासात अद्याप आढळलेला नाही. तुकडा या अर्थाच्या 'पीस'मध्ये 'पाय' नावाचा खाद्यपदार्थ लपलेला आहे असे सांगतात, तो पदार्थ सुकेळी खाऊन वाढलेल्या मुलाने पाहिलेला नसतो. लेखनसाहित्य या अर्थाच्या 'स्टेशनरी'त 'ई' येतो तो एन्व्हलपचा, आणि स्थिर या अर्थाच्या 'स्टेशनरी'त 'ए' येतो, असे सांगावे तर पाकीट ही वस्तू मुलांना आता मुख्यतः लग्नाच्या आहेराच्या निमित्ताने माहीत असते. त्यापेक्षा सिग्नलवर उभी राहिलेली लोकल ही स्टेशनरी कशी असते हे त्यांना पटकन समजते.

स्थानिक युक्त्या मात्र खोल रुजतात. खाण्याच्या 'मीट'च्या पोटात 'ईट' हा शब्द सबंध बसलेला आहे, हे मासळीबाजारात वाढलेल्या मुलाला दोनदा सांगावे लागत नाही. 'देअर' या उच्चाराचे जे तीन शब्द जगभरच्या शिक्षकांना छळतात, त्यांतल्या 'तेथे' या अर्थाच्या शब्दात 'येथे' या अर्थाचा 'हिअर' लपलेला आहे, तिसऱ्यात वर टांगलेला स्वल्पविराम दोन शब्दांची जोडणी दाखवतो, आणि 'त्यांचा' या अर्थाच्या, म्हणजे मालकी दाखवणाऱ्या शब्दात एच-ई-आय-आर, म्हणजे वारस, लपलेला आहे. जेथे जमिनीचे भाव चढल्यापासून सातबाऱ्यावरील वारसनोंद हा कौटुंबिक संभाषणाचा कायमचा विषय झालेला आहे, तेथे मालकीच्या शब्दात वारस दडून बसलेला असतो हे मुलांना व्याकरणाशिवायही मान्य होते.

शब्दसंग्रह कसा शिकवावा या विषयावर दीर्घकाळ लिहिणारे न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी असा इशारा दिलेला आहे की, एकमेकांशी साम्य असलेले नवे शब्द एकाच वेळी प्रथमच शिकवले तर ते शिकणाऱ्याच्या मनात एकमेकांत गुंततात. या कसोटीवर फळ्यावर शेजारी शेजारी पंचवीस जोड्या लिहून त्या सोमवारपर्यंत पाठ करायला सांगण्याची रूढ पद्धत घोटाळा दूर करण्याऐवजी तो समारंभपूर्वक घडवून आणते, असा निष्कर्ष काढावा लागतो. एक शब्द आधी वाक्यातून, चित्रातून आणि वापरातून पक्का व्हावा, त्याचा जुळा भाऊ काही आठवड्यांनी आणावा, आणि श्रुतलेखन घ्यायचेच असेल तर सुट्या शब्दाऐवजी पूर्ण वाक्य वाचावे, एवढे केले तरी पुष्कळसा गोंधळ आपोआप निवळतो.

तेव्हा वसई-विरारमधील शिक्षकांना सुचवावेसे एवढेच आहे की, आयात केलेली यादी काही काळ कपाटात ठेवावी, आपल्याच विद्यार्थ्यांच्या वह्यांतून एका सत्रात झालेल्या खऱ्या चुका उतरवून घ्याव्यात आणि त्यांतून आपल्या शाळेची यादी तयार करावी. ती दोन पानांहून मोठी होणार नाही आणि तिच्यात किल्ल्याची लढाई नसली तरी चाचणी, चव, पत्र, कर्ज आणि पश्चिम दिशा नक्की असतील. पालकांनीही वही तपासताना स्पेलिंगला लाल रेघ मारण्यापूर्वी मुलाला त्या वाक्याचा अर्थ विचारावा. अर्थ बरोबर सांगितला तर मूल इंग्रजी शिकले आहे असे समजावे आणि स्पेलिंग वाचनाने सुधारेल यावर विसंबावे. ज्या भाषेच्या मूळ धन्यांनी बेटात नसलेला 'एस' घालून तो शतकानुशतके सांभाळला, तिच्या बाबतीत दहा वर्षांच्या मुलाला थोडी मुदत देणे सर्वथा न्याय्य आहे.